शेजाऱ्याचं एक वाक्य

बाजूच्या फ्लॅटमध्ये फोन वाजत होता. वाजायचा, थांबायचा, थोडा दम खाऊन परत वाजायचा. हे सकाळपासून चाललं असावं, कारण नंतर आठवायला बसलो तेव्हा तो माझ्या आंघोळीतही होता, चहातही होता, आणि लिहायला बसताना मी इअरफोन घातले ते खरं तर त्याच्याच कटकटीला कंटाळून. मग माझा फोन थरथरला. अनोळखी नंबर. "काका, मी हिमांशू शिवणकर बोलतोय, हैदराबादहून. तुमच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये माझी आई राहते. सोसायटीच्या ग्रुपवरून तुमचा नंबर घेतला, सॉरी हं. मी रोज सकाळी ऑफिसला निघताना फोन करतो, ती पहिल्या रिंगलाच उचलते. आज उचलतच नाहीये. तुम्ही तिला कधी पाहिलं शेवटचं?" मी इअरफोन काढून भिंतीकडे पाहिलं. पोरगा घाबरलेला होता, माझ्या उत्तरासाठी थांबला होता. मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही हो. आमचं फारसं बोलणं नाही." वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मला ते ओळखीचं वाटलं. ओळखीचं वाटायलाच हवं होतं, कारण ते माझंच होतं; निदान चाळीसेक कथांत मी ते लिहिलेलं आहे.

मी रहस्यकथा लिहितो. विमा कार्यालयात मृत्यूच्या दाव्यांच्या टेबलावर आयुष्य काढलं, तेव्हा मासिकांसाठी लिहायचो. आता पुण्यातल्या एका कंपनीच्या ॲपसाठी लिहितो, तिथं लोक कथा वाचत नाहीत, भाजी चिरताना ऐकतात. माझा डिटेक्टिव्ह तळपदे मुंबईत राहतो. प्रत्येक कथेत तो एका बंद दारासमोर येऊन उभा राहतो, आणि प्रत्येक कथेत बाजूचं दार साखळी न काढता अर्धं उघडतं. आतला माणूस म्हणतो, मला काही कल्पना नाही साहेब, आमचं फारसं बोलणं नव्हतं. दार लागतं. तळपदे एक सुस्कारा टाकतो आणि कथा पुढे सरकते. या शेजाऱ्याला मी कधी नाव दिलं नाही. त्याला बायको आहे का, त्यानं दुपारी काय खाल्लं, दार लावल्यावर तो आतल्या खुर्चीवर जाऊन बसला की कडीला हात लावून तसाच उभा राहिला, याचा एका ओळीपुरताही विचार केला नाही. ॲपवर कथा वाचणारा मुलगा त्याच्यासाठी वेगळा आवाजसुद्धा काढत नाही. तेवढी त्याची किंमत नाही, हे आम्हां दोघांनाही मान्य होतं.

मुंबईला मी दोनदा गेलो आहे. एकदा ऑफिसच्या कामाला, एकदा भाच्याच्या लग्नाला, आणि दोन्ही वेळा पोट बिघडलं. बाकीची मुंबई मी नकाशावरून उभी केली. कोणी पत्र पाठवून कळवायचं की तुम्ही म्हणता त्या गल्लीतून समुद्र दिसत नाही, तर पुढच्या कथेत मी समुद्र दोन गल्ल्या पलीकडे सारायचो. फरक पडत नव्हता. मला समुद्र नकोच होता, मला हवा होता जिना, आणि जिन्यावर एकमेकांना न ओळखणारी माणसं. कंपनीतली टीना म्हणून पोरगी आहे, कथा निवडते, ती मागच्या महिन्यात म्हणाली, "सर, एक तरी तुमच्या गोंदियात घडवा ना. तलाव आहेत, जंगल आहे, कचारगडची गुहा आहे. गुहेत बॉडी सापडली तर काय मस्त होईल!" मी तिला अर्धा तास व्याख्यान दिलं. बाई गं, म्हटलं, बॉडी कुठंही सापडेल, पण रहस्य फक्त शहरात सापडतं. आमच्याकडे माणसाला 'कोण तू' असं कोणी विचारत नाही, 'कोणाचा तू' असं विचारतात. कोणाचा हे कळलं की सगळं कळलं. बाप, आजा, किती एकर धान, कोणाशी बोलाचाली बंद. खून झाला तर संध्याकाळपर्यंत गावाला खुनी माहीत असतो, फक्त साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही. तिथं तळपदेनं काय करायचं? चहा प्यायचा? डिटेक्टिव्ह लागतो तो जिथं भिंतीपलीकडचा माणूस कोणाचा कोण हे ठाऊक नसतं तिथं. टीना म्हणाली, "वॉव सर, हेच लिहा ना." मी खूश झालो होतो. गोंदियातल्या एका तीन मजली इमारतीत, वरच्या मजल्यावर बसून मी हे बोललो होतो.

बाहेर आलो. शिवणकरांच्या दाराला लॅच होतं, ओढलं की आपोआप लागणारं, त्यामुळे बाई आत आहेत की बाहेर हे दार सांगत नव्हतं. कडीला दुधाची पिशवी टांगलेली, अजून घामेजलेली. बेल दाबली. आतून बेलचा आवाज आला आणि त्यावर कोणीच हललं नाही. मी दाराला कान लावला. फोन परत वाजायला लागला, हिमांशूच लावत असणार, आणि दाराच्या लाकडातून तो माझ्या गालाला जाणवला. मृत्यूचे दावे पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात अशा वेळी चांगलं काही येत नाही. न्हाणीघरातली ओली फरशी आली. देवासमोरून उठताना गेलेला तोल आला. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली, आणि त्या भीतीत 'इथून सुरुवात छान होईल' असा एक विचारही चोरपावलांनी येऊन गेला. त्याची लाज नंतर वाटली. हिमांशूला व्हिडिओवर घेतलं. तो म्हणाला, "काका, चपलांचा रॅक दाखवा." दाखवला. वर दोन जोड होते. यातला कोणता रोजचा, कोणता ठेवणीतला, हे त्यांच्या शेजारून तीन वर्षं जिना उतरणाऱ्या मला कळत नव्हतं. हैदराबादेत बसलेला पोरगा मात्र म्हणाला, "ब्राऊनवाली नाहीये. म्हणजे बाहेर गेलीय. काका, प्रॉब्लेम हा आहे की ती आजकाल विसरते. दिवाळीच्या आधी दोनदा गॅस चालू राहिला. फोन न घेता ती कुठं जातच नाही. तुम्ही प्लीज जरा बघा ना, मी तिथं कोणाला ओळखत नाही." मी म्हणालो, बघतो. त्यानं आईचा फोटो पाठवला. गोल चेहरा, मोठं कुंकू, एका डोळ्यापुढे चष्म्याची काच थोडी जाड. फोटो पाहून मी मनात म्हणालो, अच्छा, ह्या.

ह्या बाई मला माहीत होत्या, पण अशा नाही. मला त्यांचा खोकला माहीत होता, दोन लहान आणि एक ओढलेला. दुपारी त्या सुपात तांदूळ पाखडायच्या, चौथ्या-पाचव्या फटक्याला सूप भिंतीला लागायचं. कुकरच्या शिट्ट्यांवर मी माझ्या जेवणाची वेळ ठेवली होती. त्यांचा कुकर उतरला की मी डबेवाल्याचा डबा उघडायचो. संध्याकाळी त्यांची मालिका लागायची आणि त्यातल्या सासवा माझ्या भिंतीवरून भांडायच्या. माझ्या घरी टीव्ही लागत नाही. बायको, शामकला, इथं होती तेव्हा लागायचा. ती पुण्याला आमच्या अंजूकडे गेली, लेकीला मुलगी झाली म्हणून, दोन महिन्यांसाठी. त्याला दोन वर्षं झाली. नात आता बोबडं बोलते आणि आजीशिवाय जेवत नाही. शामकला रोज फोनवर म्हणते, "तुमी काऊन नाही येत? इथंच राहू ना आता." मी म्हणतो, पुण्यात मला कोण ओळखतं? इथं मी आयुष्य काढलं. रस्त्यानं निघालो तर दहा माणसं हाक मारतात. त्या शहरात मी नुसता अंजूचा बाप म्हणून लिफ्टमध्ये उभा राहीन. यावर ती नातीला फोनसमोर धरते, नात माझ्याकडे पाहून तिच्या खेळण्याकडे वळते. आताही शामकलाला विचारता आलं असतं. तिला या बाईंचं सगळं माहीत असणार, वाटीभर भाजीच्या निमित्तानं ती कोणाच्याही घरात शिरायची. नंबर काढलासुद्धा. पण मग ती म्हणाली असती, इतकी वर्षं बाजूला राहून तुम्हाला एवढंही माहीत नाही? आणि पुढचं ती बोलली नसती, तरी मला ऐकू आलं असतं. मी फोन खिशात ठेवला.

खाली उतरताना सगळी दारं बंद. समोरच्यांना कुलूप, पहिल्या मजल्यावरही दोन कुलपं. फाटकाशी वॉचमनची खुर्ची रिकामी, तिच्यावर त्याची शिट्टी ठेवलेली. माझ्या लिहित्या डोक्यानं हे सगळं टिपून घेतलं आणि चुकीच्या खणात टाकलं: निर्मनुष्य इमारत, पहारेकरी गायब. तळपदेच्या कथेत एखादी म्हातारी हरवली तर तो आधी स्टेशन गाठतो. माणूस हरवतो तो गर्दीत, आणि गर्दी असते स्टेशनवर, हे त्याचं पहिलं सूत्र. म्हणून मी रिक्षा करून स्टेशनवर गेलो. गोंदियाचं स्टेशन मोठं आहे, हावड्याच्या गाड्या, बालाघाटच्या, बल्लारशाच्या, पुलावर उभं राहिलं की खालून नुसती डोकी वाहतात. पुलाच्या मध्यावर मी उभा राहिलो, हातात फोन, फोनवर त्या बाईंचा चेहरा, आणि एकेका बाईकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं सगळ्याच बायका त्यांच्यासारख्या दिसायला लागल्या, आणि मग एकही नाही. याच पुलावरून दोन वर्षांपूर्वी मी शामकलाची बॅग नेली होती. तिनं गाडी सुटताना खिडकीतून सांगितलं होतं की लोणच्याची बरणी वरच्या फळीवर आहे. मी हात हलवला, गाडी गेली, आणि घरी जाण्याऐवजी मी कितीतरी वेळ याच पुलावर थांबलो होतो, तेव्हा कोणीतरी ओळखीचं भेटेल आणि आडनावानं हाक मारून विचारेल, काय पटलेजी, इकडे कुठं, असं वाटत होतं. कोणी भेटलं नव्हतं. आजही भेटलं नाही. दहा माणसं हाक मारतात असं मी शामकलाला सांगतो, त्यातली सात विम्याच्या ऑफिसातली होती, आणि ती केव्हाच मुलांकडे नागपूर-पुण्याला गेली.

रेल्वे पोलिसांच्या खोलीत एक जाडसर हवालदार होता. "आपकी कौन लगती हैं?" त्यानं विचारलं. म्हटलं, शेजारी. "सिर्फ पडोसी?" त्यानं पेन खाली ठेवलं. "हाइट? रंग? कोई निशानी? कौन सी साडी पहनी थी?" मी फोटो पुढे केला. "फोटो तो चेहरे का है, दादा. साडी बताओ. हम कैमरे में साडी देखते हैं, चेहरा कौन देखता है." मला साडी सांगता येईना. गेल्या आठवड्यातली, गेल्या वर्षातली, कुठलीही एक साडी आठवून पाहिली. जिन्यात वरून येणारी बाई दिसली की मी भिंतीला सरकून वाट द्यायचो, मान खाली, आणि त्याला सभ्यपणा समजायचो. दिसायचा तो साडीचा काठ आणि पाय. काठ कोणता? हवालदार वाईट माणूस नव्हता, त्यानं दोन मिनिटं वाट पाहिली. मग म्हणाला, "लडके को बोलो आ जाए, रिपोर्ट वही लिखवाएगा. आप तो कुछ जानते ही नहीं." तो खरं तेच बोलला, तरी माझे कान तापले. बाहेर आलो तर हिमांशूचे तीन मिस्ड कॉल. उचलल्यावर आधी नुसता त्याचा श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "काका, मी फ्लाइट बघतोय. तिला काही झालं नसेल ना?" मला त्याच्या आईपेक्षा त्याच्या त्या श्वासाचं जास्त ओझं झालं. सापडल्या पाहिजेत, म्हणालो स्वतःशी. कथा गेली खड्ड्यात, बाई सापडल्या पाहिजेत.

बस स्टँडवर आलो तो केवळ दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. आणि तिथं गर्दी म्हणजे किती! स्टेशनपेक्षा जास्त. मी परत फोटो काढला, परत चेहरे चाळायला लागलो. गोरेगावची गाडी लागली आणि बायकांचा एक लोंढा दाराशी धावला. मी त्यात घुसलो, एकीच्या खांद्याला हात लावून वळवलं, ती दुसरीच निघाली. "काय पायता जी?" ती म्हणाली. चाळिशीची, नवी कोरी साडी, घडीच्या रेषा अजून तशाच, कडेवर पिशवी. रागावली नव्हती. मला वरून खाली पाहून तिनंच मला जागा करून दिली आणि विचारलं, "तुमी कोनच्या मंडईले चालले?" मी तिच्याकडे पाहत राहिलो. मंडई. मग मी तिच्या पिशवीकडे पाहिलं, त्यातून चिवड्याचं पाकीट आणि लहान मुलाचे नवे कपडे डोकावत होते. बाजूच्या म्हातारीकडे पाहिलं, तिच्याही हातात तसंच. पोरींच्या हातांत नव्या बांगड्या. मागून कंडक्टर ओरडत होता, "मंडईवाले मांगं सरका, दोन-दोन सीट पकडू नोका!" मी सकाळपासून ज्या गर्दीत एक हरवलेलं माणूस शोधत होतो, त्या गर्दीतलं कोणीच हरवलेलं नव्हतं. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आता आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा. एका दिवशी एका गावची. त्या दिवशी त्या गावच्या लेकी कुठंही असोत, माहेरी येतात. पाहुणे येतात, सिंघाडे येतात, रात्री नाटक होतं. इमारतीतली कुलपं मंडईची होती. वॉचमन मंडईला गेला होता. या मातीत जन्मलेला माणूस, दिवाळीनंतरच्या आठवड्यात बंद दार पाहून आधी न्हाणीघरातलं प्रेत बघतो! जोड्यानं मारावं असा मूर्खपणा होता. हिमांशूला फोन लावला. "तुझ्या आईचं माहेर कोणतं?" तो गोंधळला. "माहेर? म्हणजे मामाचं गाव? चिचटोला, गोरेगावजवळ. पण तिथं आम्ही आजी गेल्यापासून गेलोच नाही काका. मामाशी पण तेवढं बोलणं नाही." मी बाजूच्या बाईला विचारलं, "चिचटोल्याची मंडई कधी?" ती म्हणाली, "आजच तं होय."

गाडीत उभं राहायला जागा मिळाली. गोरेगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी धान कापून कडपा पसरलेल्या होत्या, काही बांध्यांत पेंढ्यांचे पुंजणे रचून झाले होते, खिडकीतून सुक्या तणसाचा वास येत होता. मला माझ्या गावची मंडई आठवायला लागली आणि ती आठवायला लागली याचंच नवल वाटलं. बाबा मला खांद्यावर घेऊन ढाल दाखवायचे, गोवाऱ्यांची, उंच बांबूवर मोरपिसं बांधलेली. मी पिसं मोजायचो आणि चुकायचो. घरात एवढे पाहुणे की पोरांना धानाच्या पोत्यांवर झोपवायचे. त्या गावात आता आमचं कोणी नाही. भाऊ रायपूरला गेला, घर पडलं. तरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत मंडईचं आवतण येत होतं, कधी साळ्याकडचं, कधी साडूकडचं. यायचं ते शामकलाच्या फोनवर. ती म्हणायची, चला, आणि मी म्हणायचो, तू जाऊन ये, मला लिहायचं आहे. ती गेल्यावर आवतणं तिच्या मागोमाग पुण्याला गेली असावीत. मला या वर्षी कोणी बोलावलं नव्हतं, आणि मला ते गाडीत उभं राहून, एका अनोळखी बाईच्या पिशवीला धरून कळलं. आजूबाजूला सगळे एकमेकांना विचारत होते, कोनाकडे, कोनाकडे. मला कोणी विचारू नये म्हणून मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

गोरेगावहून ऑटोनं चिचटोला. गावाबाहेरच्या मैदानात सगळं जमलं होतं, सिंघाड्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया, बांगडीवाल्या, आणि मधे दोन ढाली डफड्यावर डुलत होत्या. मी पहिल्याच पानठेल्यावर फोटो दाखवला आणि हिमांशूकडून कळलेलं नाव सांगितलं. "वच्छलाबाई शिवणकर, गोंदियाच्या." पानवाल्यानं मान हलवली, शिवणकर या गावात नाहीत. मग मी हिमांशूला विचारून घेतलेलं माहेरचं आडनाव सांगितलं, ब्राह्मणकर. त्यानं फोटोकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. "बकारामची बयीन का? वच्छी! आली ना सकारच्याच गाडीनं. आताच तं इथून सिंघाडे घेऊन गेली. सरका तिकडे, हापशीपासचं घर." झालं. ज्याला तळपदेला अख्खी कथा लागते ते एका पानाला चुना लावेपर्यंत झालं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच सिंघाड्यांच्या पाटीला धरून उभा राहिलो. हिमांशूला सांगितलं, सापडल्या, ठीक आहेत. तो रडला. मोठा इंजिनिअर पोरगा, ऑफिसात बसून, मोठ्यानं रडला.

त्या अंगणात होत्या. भिंतीला टेकून, पाय लांब करून, मांडीवर सूप, सुपात उकडलेले सिंघाडे. भोवती चार बायका आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. हिरवी साडी, जांभळा काठ. मी आधी साडी पाहिली. मी नमस्कार करून म्हणालो, "वच्छलाबाई ना? हिमांशूनं पाठवलं मला, गोंदियाहून. तो घाबरलाय फार." मग बाईंनी कपाळावर हात मारला आणि हसल्या. "आगा माय! फोन घरीच राहिला. खरं सांगू का जी, राहिला बी आन् ठेवला बी. निघताना दिसला होता पलंगावर. मनलं, राऊ दे एक दिवस. थो वाजते आन् मी धावतो, थो वाजते आन् मी धावतो. सांगितलं असतं तं मनला असता, आई गर्दी आहे, नोको जाऊ." मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. हिमांशू काय बोलला ते डफड्याच्या आवाजात मलाही ऐकू आलं नाही. "हव, हव, जेवली," त्या ओरडून म्हणाल्या, "उद्या येतो, काही ऐकू येऊन नाही राहिलं," आणि फोन माझ्या हातात दिला. आतून भावजय आली, तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "कोनाचे व्हय जी हे?" वच्छलाबाई म्हणाल्या, "हिमांशूच्या वळखीचे. पोराच्या पायी येवढ्या दुरून आले बिचारे. बसाले पाट दे ना." कोणाचा, याचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. मी पाटावर बसलो. समोर भजी आली, पाणी आलं, सुपातले चार सिंघाडे माझ्या ताटात पडले.

माझ्या अंगातली भीती उतरली तशी तिच्या जागी थोडा राग आला. "बाई, पण निघताना कोणाला तरी सांगून यायचं," मी म्हणालो. "निदान बाजूच्यांना. पोलिसांत जायची पाळी आली होती."

"सांगू कोनाले?" त्या साधेपणानं म्हणाल्या. सिंघाडा दातांनी सोलत होत्या. "समोरचे दिवारीले गेले थे आलेच नाही. आन् बाजूचा फ्लॅट तं खाली आहे. दोन वर्सं झाले. एक बाई राये तेती, शामकला नावाची, लय चांगली. काही बी रांधलं की वाटीभर मले आनून देये. थे पुन्याले गेली पोरीकडे, तवापासून बंद. एक आवाज येत नाही तिकून. संध्याकारी मी मुद्दाम टीव्ही मोठ्यानं लावतो, येवढं सामसूम वाटते."

ढालीखाली कोणीतरी आरोळी ठोकली, पोरं धावली. माझ्या हातात भजं होतं, ते मी ताटात ठेवलं. बोलता आलं असतं. एका वाक्यात सगळं सांगून झालं असतं, त्या हसल्या असत्या, मीही हसलो असतो.

"आणि त्या बाईंचा नवरा?" मी विचारलं.

"होता ना. गेला असन थोही तिच्यासंगं. एकटा मानूस कायले राहीन जी तेती?"

"कसा होता दिसायला?"

त्यांनी प्रश्न थट्टेवारी नेला नाही. सोललेला सिंघाडा हातातच राहिला, जाड काचेआडचा डोळा बारीक झाला आणि त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे, ढालींच्या दिशेनं बघत खरोखर आठवायला लागल्या. "थांबा," म्हणाल्या, "पायला तं होता. जिन्यात पायला होता." मी वळचणीच्या सावलीत बसलो होतो. मी पाट पुढं ओढला आणि त्यांना नीट दिसावं म्हणून उन्हात सरकून बसलो.